न्यूयॉर्कचा आकडा आणि शेवगावचा संसार

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेला, जायकवाडीच्या फुगवट्यालगत पसरलेला शेवगाव हा कष्टकऱ्यांचा तालुका. गोदाकाठच्या गावांत ऊस, उरलेल्या बहुतांश शिवारात कपाशी, तूर आणि बाजरी, आणि ज्यांच्या शेताला पाणी नाही त्यांच्या हाती दसऱ्यानंतर ऊसतोडीचा कोयता, असे येथील अर्थकारणाचे ढोबळ चित्र आहे. येथे पैसा सावकाश येतो. मृगाच्या पावसावर लावलेली कपाशी घरात पैसा आणते ती दिवाळीच्या आगेमागे. तोवर खत, फवारणी, खुरपणी आणि वेचणी यांची देणी अंगावर असतात. अशा तालुक्याचे नाव २०२४ साली झटपट पैशाच्या व्यवहारामुळे राज्यभर गाजावे, ही घटना अंतर्मुख करणारी आहे.

‘तुमचे पैसे शेअर बाजारात गुंतवतो आणि दरमहा दहा टक्क्यांच्या आसपास परतावा देतो’ असे सांगणाऱ्यांनी शेवगाव शहरात आणि गावोगावी कार्यालये थाटली होती. सुरुवातीचे काही महिने परतावा वेळेवर मिळाला आणि तीच या धंद्याची सर्वांत प्रभावी जाहिरात ठरली. शेतकरी, नोकरदार, छोटे व्यापारी अशा सर्व थरांतील लोकांनी आपली पुंजी तेथे नेऊन ठेवली. काहींनी त्यासाठी कर्जे काढली. २०२४ मध्ये या कार्यालयांना एकामागून एक कुलपे लागली, चालक पसार झाले आणि पोलीस ठाण्यात गुन्हे दाखल होऊ लागले. फसवणूक कोट्यवधी रुपयांची आहे. परंतु त्याहून मोठी हानी झाली ती विश्वासाची. पैसे घेणारे बहुतेक जण परगावचे नव्हते. ते कुणाचे भावबंद होते, कुणाचे मित्र, कुणाचे वर्गबंधू. ज्याने स्वतः पैसे ठेवले, त्याने मेहुण्याला सांगितले, मेहुण्याने आपल्या सासुरवाडीला. ज्या नात्यागोत्याच्या आधारावर खेडे उभे असते, तीच नाती या व्यवहाराची वाहिनी झाली.

दरमहा दहा टक्के म्हणजे काय, याचे गणित आठवीतला विद्यार्थीही मांडू शकतो. या दराने चक्रवाढीने वाढणारे एक लाख रुपये वर्षाअखेरीस तीन लाखांच्या पुढे जातात आणि पाच वर्षांत तीन कोटींच्या वर. जगातील कोणताही प्रामाणिक उद्योग एवढे उत्पन्न सातत्याने देऊ शकत नाही. हे गणित ज्यांना येत होते, अशा सुशिक्षितांनीही ते मांडले नाही. म्हणून शेवगावच्या घटनेकडे केवळ काही लबाडांनी भोळ्या लोकांना फसवले, एवढ्याच दृष्टीने पाहणे पुरेसे नाही. लबाड तर प्रत्येक काळात असतात. श्रमाने मिळणाऱ्या उत्पन्नावरचा विश्वास डळमळला आणि भावाच्या चढउतारातून श्रमाविना पैसा निघतो ही समजूत घराघरांत रुजली, तेव्हाच त्या लबाडांचे फावले.

पोलीस तपास आणि न्यायालयीन प्रक्रिया त्यांच्या गतीने चालतील. पण ती समजूत मात्र कुठेही अटकेत नाही. ती नव्या जागा शोधते आहे, आणि तिच्यासाठी अधिक घातक असा एक बाजार आज तयार आहे. शेवगावच्या कार्यालयांना निदान दार होते. पैसे बुडाल्यावर लोकांना त्या दारात जाऊन जाब विचारता आला. या नव्या बाजाराला दारच नाही. तो खिशातल्या मोबाइलमध्ये आहे आणि त्याचा चालक सातासमुद्रापार आहे.

हा बाजार भाकितांचा म्हणवला जातो. त्याचे स्वरूप अगदी साधे आहे. पडद्यावर एक प्रश्न येतो : बिटकॉइन या आभासी चलनाचा भाव येत्या पंधरा मिनिटांत वर जाईल की खाली? ‘वर’ किंवा ‘खाली’ यांपैकी एका बाजूला पैसे लावायचे. पंधरा मिनिटे संपली की ज्याची बाजू खरी ठरली त्याला ठरलेली पूर्ण रक्कम मिळते, दुसऱ्याला शून्य. लगेच पुढचा प्रश्न हजर असतो. दिवसाचे चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस हे चक्र फिरत राहते, कारण आभासी चलनाच्या बाजाराला ना सुट्टी आहे, ना सायंकाळ. अमेरिकेत २०२० साली सुरू झालेल्या ‘पॉलिमार्केट’सारख्या मंचांवर अशा अतिअल्प मुदतीच्या पैजा लागतात. भारतातही गुरुग्राम येथील ‘प्रोबो’सारख्या कंपन्यांनी हा प्रकार ‘मतांचा व्यवहार’ या गोंडस नावाने आणला होता. क्रिकेटचा सामना, चित्रपटाची कमाई आणि बिटकॉइनचा भाव, सर्व काही तेथे ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या पारड्यात तोलले जाई. दोन्ही बाजूंची मिळून किंमत दहा रुपये. जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला शून्य. एका वेळी पाच-सात रुपयेच जात असल्याने महाविद्यालयीन मुलालाही आपण जुगार खेळतो आहोत असे वाटत नसे.

हा प्रकार नव्या तंत्रज्ञानाचे अपत्य आहे, असे सांगितले जाते. महाराष्ट्राला मात्र त्याची ओळख फार जुनी आहे, आणि कापूस पिकवणाऱ्या शेवगावकरांनी तर ती आवर्जून करून घ्यावी अशी आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात मुंबईत ‘आकडा’ नावाचा जुगार फोफावला होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात कापसाचा भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, याचे आकडे टेलिप्रिंटरवरून मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. पैज लावणाऱ्याने कापसाचे बोंड पाहिलेले असण्याचे कारण नव्हते. कापसाशी त्याचा संबंध केवळ आकड्यापुरता होता. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी ही सोय संपली, तेव्हा आकड्याच्या चालकांनी चिठ्ठ्या मडक्यात घालून काढण्यास सुरुवात केली. कल्याणजी भगत आणि त्यामागोमाग रतन खत्री यांनी चालवलेला हा ‘मटका’ पुढे किती गिरण्यांच्या चाळींतले पगार गिळत गेला, याची कहाणी महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. न्यूयॉर्कचा कापूस गेला तरी जुगार थांबला नाही, कारण पैज लावणाऱ्याला कापूस नकोच होता. त्याला हवा होता तो फक्त हलणारा आकडा.

मुंबई इलाख्याच्या कायदेकारांना ही वृत्ती पुरती ठाऊक होती. १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. वेळोवेळी सुधारणा होत आलेल्या या कायद्यात कापूस, अफू वा अन्य मालाच्या बाजारभावावर, त्या भावाच्या आकड्यावर, भावात पडलेल्या फरकावर, शेअरच्या किमतीवर, इतकेच नव्हे तर पाऊस पडेल की नाही यावर लागणाऱ्या पैजांचाही नावानिशी उल्लेख आहे. ज्या भूमीत पाऊस आणि कापूस यांवर लाखोंचे पोट अवलंबून आहे, तेथे त्याच पावसाच्या आणि कापसाच्या नावाने जुगार चालू नये, ही त्यामागची जाण होती. ‘कापूस’ या शब्दाच्या जागी ‘बिटकॉइन’ हा शब्द ठेवून पाहावा; पंधरा मिनिटांच्या या नव्या बाजाराचे वर्णन त्या जुन्या कलमांत जवळजवळ जसेच्या तसे सापडते.

या कथेला आणखी एक विलक्षण वळण आहे. ज्या न्यूयॉर्क कापूस बाजाराच्या दरांवर मुंबईचा आकडा चालत असे, तो बाजार कालांतराने न्यूयॉर्कच्या अन्य वस्तू-बाजारांत विलीन झाला आणि २००७ मध्ये ‘इंटरकॉन्टिनेन्टल एक्स्चेंज’ या बलाढ्य कंपनीच्या ताब्यात गेला. न्यूयॉर्कचा सुप्रसिद्ध शेअर बाजारही आज याच कंपनीच्या मालकीचा आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हीच कंपनी ‘पॉलिमार्केट’मध्ये दोन अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक करणार असल्याची घोषणा झाली. या ‘पॉलिमार्केट’ला अमेरिकेच्याच नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये विनापरवाना व्यवहारांबद्दल १४ लाख डॉलरचा दंड ठोठावला होता. तीन-चार वर्षांत दंडनीय व्यवहाराला प्रतिष्ठेचे वस्त्र मिळाले. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ज्या बाजाराचा आकडा मुंबईचे बुकी चोरपावलांनी वापरत, त्याच बाजाराचा आजचा मालक आता पैजेच्या मंचाचा उघड भागीदार होतो आहे.

या बाजाराच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद केले जातात, त्यांचा विचार व्हायला हवा. पहिला युक्तिवाद असा, की असंख्य लोकांच्या अंदाजातून भविष्याचे खरे चित्र उमटते आणि समाजाला त्याचा लाभ होतो. निवडणुकीसारख्या विषयांत या म्हणण्यात काही तथ्य असू शकेल. परंतु पंधरा मिनिटांनी बिटकॉइन दोन-पाच डॉलरने वर असेल की खाली, या ज्ञानाचा समाजाला काय उपयोग? त्याने कोणत्या शेतकऱ्याचा पेरा ठरणार, की कोणत्या कारखानदाराचे उत्पादन? येथे कापसाच्या खऱ्या वायदे बाजाराशी असलेला फरक लक्षात घेतला पाहिजे. वायद्यात शेतकरी किंवा जिनिंगवाला चार महिन्यांनंतरचा भाव आजच बांधून घेतो आणि डोक्यावरचा खराखुरा धोका दुसऱ्याकडे सोपवतो. धोका आधीच अस्तित्वात असतो. वायदा तो वाटून देतो. पंधरा मिनिटांच्या पैजेत मुळात कोणावर कसलाच धोका नसतो. तो खेळणाऱ्याने स्वतः पैसे देऊन विकत घेतलेला असतो.

या संदर्भात एक विसंगतीही नोंदवायला हवी. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने हरभरा, सोयाबीन, गहू अशा सात शेतमालांचे वायदे व्यवहार स्थगित केले आणि ही स्थगिती पुढे वारंवार वाढवण्यात आली. भाववाढ रोखण्याचा हेतू समजण्याजोगा असला, तरी त्याचा परिणाम असा झाला, की सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा पुढचा भाव बांधून घेण्याची वाट बंद राहिली आणि त्याच काळात त्याच्या मुलाच्या मोबाइलवर बिटकॉइनच्या भावावर पैज लावण्याची वाट मात्र सताड उघडी होती. धोरणकर्त्यांनी यावर विचार करणे अगत्याचे आहे.

दुसरा युक्तिवाद कौशल्याचा. आलेख पाहून, अभ्यास करून भाव ओळखता येतो, असे या मुलांना सांगितले जाते. ‘अभ्यास’ शिकवणारे वर्गही निघतात. वस्तुस्थिती अशी आहे, की इतक्या अल्प काळातील भावाची हालचाल ही बव्हंशी दिशाहीन असते. तिच्यात जो काही लाभ उचलता येतो, तो सेकंदाच्या अंशात किंमत टिपून आपोआप सौदे करणाऱ्या संगणक-प्रणालींना. शेवगावच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या तरुणाच्या पडद्यावर जो भाव दिसतो, तो त्या यंत्रांच्या दृष्टीने शिळा झालेला असतो. समोर आपल्यासारखाच कोणी माणूस बसला आहे असे या मुलाला वाटते. प्रत्यक्षात त्याची पैज बहुधा यंत्राशी लागलेली असते.

आणि यंत्र नसले तरी गणित बदलत नाही. समजा, दोघे जण पाच-पाच रुपये लावतात आणि दहा रुपयांतून मंच वीस पैसे कापून घेतो. जिंकण्या-हरण्याची शक्यता समसमान असेल, तर प्रत्येक खेळाडू दर डावाला सरासरीने लावलेल्या रकमेच्या दोन टक्के गमावतो. दोन टक्के ही रक्कम क्षुल्लक वाटते. पण तासाला चार डाव, दहा तासांत चाळीस. दर डावाला शंभर रुपये लावणारा दिवसाअखेरीस सरासरी ऐंशी रुपये मंचाच्या पदरात टाकून उठतो. कुणी जिंको वा हरो, मंच प्रत्येक डावात जिंकतो. कौटिल्यालाही हे ठाऊक होते. त्याच्या ‘अर्थशास्त्रा’त द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजकोषासाठी घेतो. पण तेथे त्याच श्वासात दुसरा नियम आहे : द्यूत एकाच ठरलेल्या ठिकाणी, अध्यक्षाच्या नजरेखाली खेळले जावे, अन्यत्र खेळणाऱ्यास दंड. दुष्प्रवृत्ती पूर्णतः संपत नसेल तर तिला कुंपण घालावे, हा त्यातील व्यवहारी विचार. आज वाटा घेणारे उदंड झाले आणि कुंपण मात्र उरले नाही.

नियंत्रित बाजाराचे आकडेही पुरेसे बोलके आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या वायदे आणि पर्याय विभागात व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि हा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यापुढील २०२४-२५ या एकाच वर्षात तोटा एक लाख कोटींच्या वर गेला. जेथे नियामक आहे, नोंदणी आहे, तक्रारीला जागा आहे, तेथे ही स्थिती. मग जेथे यांपैकी काहीच नाही, तेथील स्थितीची कल्पनाच केलेली बरी. आभासी चलनाच्या बाजारात तर १० ऑक्टोबर २०२५ या एका दिवसात जगभरातील उसनवारीवर उभे असलेले सुमारे १९ अब्ज डॉलरचे सौदे सक्तीने मिटवले गेले. त्याच्या अवघ्या चार दिवस आधी बिटकॉइनने सव्वा लाख डॉलरचा उच्चांक ओलांडला होता.

शासनाने या प्रश्नाची दखल घेतली, हे मान्य केले पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने मतांच्या व्यवहाराचे मंच आपल्या कक्षेत येत नाहीत आणि तेथे गुंतवणूकदाराला कोणतेही संरक्षण नाही, असा इशारा दिला. जुलैमध्ये सक्तवसुली संचालनालयाने ‘प्रोबो’वर छापे घालून २८४ कोटींहून अधिक रकमेची मालमत्ता गोठवली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा, असे त्याचे स्वरूप आहे. खेळणाऱ्याला मात्र त्यात गुन्हेगार न मानता पीडित मानले आहे, ही दृष्टी योग्यच. या कायद्यानंतर देशी मंचांनी पैशांचे खेळ थांबवले. त्याला आव्हान देणाऱ्या निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे वर्ग करून घेतल्या.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय प्रथमच आलेला नाही. बंगळुरूहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील बक्षिसी शब्दकोड्यांच्या स्पर्धेत तत्कालीन मुंबई राज्यातील लोकही पैसे भरून भाग घेत आणि मुंबई राज्य त्यावर कर लावी. ‘आम्ही राज्याबाहेरचे, आमच्या व्यापाराच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे’ अशी चालकांची तक्रार होती. १९५७ साली आर. एम. डी. चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे. हा निष्कर्ष काढताना न्यायालयाने ऋग्वेदातील अक्षसूक्त, महाभारत आणि स्मृतिग्रंथ यांचा दाखला दिला. पैसे जेथून गोळा होतात त्या राज्याला हात बांधून बसण्याचे कारण नाही, हेही त्याच निकालाने दाखवून दिले. विदेशी मंच भारतीय तरुणांचे पैसे आभासी चलनात घेऊन जात असताना हा जुना निकाल आज नव्याने वाचण्यासारखा आहे.

तथापि कायदा दाराला कुलूप लावू शकतो, मनाला नाही. देशी मंच बंद झाले तरी विदेशी मंच, त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या आडवाटा आणि त्या वाटा दाखवणारे दलाल उरतातच. आभासी चलनाच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर लागू झाला, तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ शासनाची मान्यता असा लावला. कर लागू होणे म्हणजे व्यवहार सुरक्षित ठरणे नव्हे, एवढेही समजावून सांगणारे कुणी भेटले नाही. म्हणूनच मूळ प्रश्नाकडे परत यावे लागते : शेवगावसारख्या श्रमनिष्ठ भूमीत हे बीज रुजले कसे?

त्याचे एक कारण शेतीच्या अवस्थेत आहे. २०२५-२६च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. हे ८,११० रुपये मिळवायला सहा महिन्यांचे श्रम लागतात आणि तरीही ते हाती पडतील याची खात्री नसते. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत शेवगाव-पाथर्डी भागातील उभे पीक पाण्यात गेले, ते सर्वांनी पाहिले. ज्या तरुणाने बापाचा हा हिशेब लहानपणापासून पाहिला, त्याला पंधरा मिनिटांत निकाल देणारा खेळ मोहवतो, यात नवल नाही. त्याच्या हाताला काम नाही; शेती करतो म्हणून त्याला मुलगी मिळत नाही; आणि ज्याच्या दारात मोटार उभी राहिली, त्याला ती कशातून आली हे कुणी विचारत नाही. पैशाचा मार्ग न विचारता पैशाला मान देणारा समाज आपल्या मुलांना याहून वेगळे काय शिकवणार?

दुसरे कारण संस्थांच्या पडझडीत आहे. नगर जिल्हा ही सहकाराची जन्मभूमी. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून थोडे थोडे भागभांडवल गोळा केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेथेही शेतकऱ्याने आपली पुंजी दुसऱ्याच्या हाती सोपवली होती. पण ती कारखान्याच्या यंत्रात, उसाच्या शेतात दिसत होती आणि तिच्या हिशेबाची सभा भरत होती. त्याच जिल्ह्यात १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेला रद्द करावा लागला. सज्जन संस्था आजारी पडतात तेव्हा त्यांची जागा रिकामी राहत नाही. दरमहा दहा टक्के देणारे ती भरून काढतात. तरीही एक फरक विसरता कामा नये. बँक बुडाली तरी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. शेवगावच्या कार्यालयांत ठेवलेल्या किंवा विदेशी मंचावर लावलेल्या एका रुपयालाही ते नाही.

मग करायचे काय? प्रथम, २०२४च्या प्रकरणातील पीडितांना न्याय मिळाला पाहिजे. ठेवीदारांच्या हितसंबंधांचे रक्षण करणारा महाराष्ट्राचा १९९९चा कायदा आरोपींची मालमत्ता जप्त करून तिच्यातून ठेवीदारांची देणी भागवण्याची तरतूद करतो. अशी कारवाई वर्षानुवर्षे रेंगाळली, तर पोळलेली माणसे गेलेला पैसा परत मिळवण्यासाठी पुन्हा नव्या जुगाराकडेच वळतात. दुसरे, गावाने पीडितांना हसणे थांबवले पाहिजे. ‘लोभ सुटला होता, भोगा आता’ या शब्दांनी कुणाचा लोभ कमी होत नाही. फसलेला माणूस मात्र तोंड बंद करतो. ऑनलाइन पैजेत हरलेला मुलगा घरी सांगत नाही, तो कर्ज काढून पुन्हा खेळतो. ज्या घरात तोटा बोलून दाखवता येतो, त्या घरात तो पहिल्या हजारांवरच थांबू शकतो. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा मदत क्रमांक आहे, हे प्रत्येक घरात ठाऊक हवे. पण त्याआधी आई-वडिलांना सांगण्याचे धैर्य त्या मुलाला वाटले पाहिजे.

तिसरी जबाबदारी जाणत्यांची. शाळा-महाविद्यालये, ग्रामसभा, गणेश मंडळे, हरिनाम सप्ताह, बचत गट अशी समाज एकत्र येण्याची ठिकाणे शेवगाव तालुक्यात उदंड आहेत. तेथे दरमहा दहा टक्क्यांचे आणि पंधरा मिनिटांच्या डावाचे हे साधे गणित फळ्यावर मांडले जावे. ज्यांनी दलाली घेऊन आप्तेष्टांना या मार्गाला लावले आणि स्वतः वेळीच बाहेर पडले, त्यांनी किमान ती दलाली परत करावी, असा आग्रह गावाने धरावा. कायद्याच्या कचाट्यात ते येवोत न येवोत, नात्याच्या न्यायालयात त्यांचे उत्तरदायित्व संपत नाही.

महाभारतातील द्यूतसभा या संदर्भात पुन्हा आठवावी अशी आहे. शकुनीचे कपट आणि युधिष्ठिराचा मोह यांची चर्चा नेहमी होते. परंतु त्या सभेला कायमचा कलंक लागला तो तेथे बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या मौनामुळे. डावामागून डाव लागत होते, राज्य गेले, भाऊ गेले, आणि ज्यांच्या एका शब्दाने खेळ थांबला असता, ते खाली मान घालून बसून होते. शेवगावातही दरमहा दहा टक्क्यांचा डाव भरात होता, तेव्हा काही जाणत्यांना तो कळत होता. त्यांच्यापैकी कितीजण बोलले, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाराने उद्ध्वस्त झालेला माणूस आपली कैफियत मांडतो. पत्नी दुरावली आहे, घरच्यांनी ओळख टाकली आहे आणि फाशांची ओढ तरीही सुटत नाही. त्याला शेवटी जो उपदेश मिळतो, त्यात फासे टाकून देण्याबरोबरच शेती करण्यास सांगितले आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या ऋषीला एवढे कळले होते, की नुसते ‘खेळू नकोस’ म्हणून भागत नाही. हाताला नांगर द्यावा लागतो. शेवगावच्या तरुणाच्या हातून मोबाइलवरचा डाव काढून घ्यायचा असेल, तर त्याच्या कापसाला भाव, त्याच्या हाताला काम, त्याच्या बचतीला विश्वासू संस्था आणि त्याच्या श्रमाला मान, हे सर्व त्याच हातात ठेवावे लागेल. संसदेने आपले काम केले आहे. उरलेले काम प्रत्येक गावाच्या पारावर बसलेल्यांचे आहे आणि ते पुढचा डाव लागण्यापूर्वी व्हायला हवे.